शोधयंत्र-अनुकूलन : यशमापनाचा इतिहास

महाजालावर माहिती शोधणाऱ्या व्यक्तीस एखादे संकेतस्थळ शोधयंत्राच्या फलसूचीत वरच्या क्रमांकावर आढळावे, यासाठी त्याच्या आशयात, रचनेत व दुव्यांत केलेल्या योजनाबद्ध सुधारणांना शोधयंत्र-अनुकूलन म्हणतात. व्यवहारात ‘एसईओ’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. या प्रयत्नांची फलश्रुती कशी मोजावी, या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. या बदलांमागे बहुधा एकच कारण आढळते : जे माप सर्वमान्य झाले, ते कृत्रिम रीत्या फुगविण्याचे उपाय निघाले आणि त्याची विश्वसनीयता संपली.

पूर्वपीठिका : शोधपद्धतींच्या मूल्यमापनाचा पाया सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील प्रयोगांनी घातला. उपयुक्त कागदपत्रांपैकी किती हाती लागली आणि हाती लागलेल्यांपैकी किती उपयुक्त होती, ही दोन मापे त्यांतून प्रतिष्ठित झाली. ती शोध घेणाऱ्याच्या हिताची होती. संकेतस्थळाच्या चालकास मात्र आपले पृष्ठ दिसते की नाही, एवढेच जाणून घ्यावयाचे असते. या दोन हितसंबंधांतील तफावत पुढील सर्व इतिहासात दिसून येते.

नोंदी व शब्द : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न येथे विश्वव्यापी जालाची संकल्पना मांडली. प्रारंभीच्या संकेतस्थळांचे यश सेवासंगणकाच्या नोंदवहीतील ‘हिट’ मोजून ठरविले जाई. तथापि प्रत्येक धारिकेच्या मागणीची स्वतंत्र नोंद होत असल्याने दहा चित्रे असलेले एक पृष्ठ उघडताच अकरा हिट जमा होत. त्यामुळे पृष्ठदर्शने व भेटी ही मापे पुढे आली. अल्टाव्हिस्टासारख्या (१९९५) शोधयंत्रांत शब्दांच्या आढळास महत्त्व असल्याने पृष्ठावर तेच शब्द पुनःपुन्हा, प्रसंगी पार्श्वभूमीच्याच रंगात, लिहिण्याची प्रथा पडली.

दुव्यांचे मूल्य : लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेली ‘पेजरँक’ पद्धती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्रीय लेखांची थोरवी जशी त्यांच्या संदर्भांवरून अजमावतात, तसे पृष्ठाचे महत्त्व त्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून व ते दुवे देणाऱ्या पृष्ठांच्या महत्त्वावरून ठरविणे, हे तिचे तत्त्व होय. २००० मध्ये गूगलच्या साधनपट्टीवर हा गुण ० ते १० या श्रेणीत सर्वांना दिसू लागला आणि दुव्यांची खरेदी-विक्री फोफावली. तिला आळा घालण्यासाठी २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ ही सुधारणा आली. २०१६ मध्ये गुणाचे जाहीर प्रदर्शनही बंद झाले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी केलेले निरीक्षण येथेही लागू पडते : नियंत्रणासाठी वापरताच मापाची जुनी नियमितता ढासळते.

क्लिक व फलित : गूगलने २००५ मध्ये ‘अर्चिन’ ही कंपनी घेऊन त्याच वर्षी ‘गूगल ॲनालिटिक्स’ ही विनामूल्य सेवा सुरू केली. भेट देणारा कोठून आला व त्याने पुढे काय केले, हे लहान चालकांसही कळू लागले. विक्री, नोंदणी किंवा चौकशी यांत परिणत झालेल्या भेटींचे प्रमाण हे माप त्यामुळे रूढ झाले. मात्र २०११ पासून शोध सांकेतिक स्वरूपात पाठविले जाऊ लागल्याने भेटीमागील शोधशब्द दिसेनासे झाले. आता ‘सर्च कन्सोल’ या सेवेत दर्शने, क्लिक, क्लिकप्रमाण व सरासरी स्थान मिळते. १,००० दर्शनांमागे ३० क्लिक झाल्यास क्लिकप्रमाण ३% होते.

सरासरी स्थान हे माप विशेष फसवे ठरते. एखादे पृष्ठ एका शब्दासाठी १०० वेळा पाचव्या स्थानी दिसत असता, दुसऱ्या शब्दासाठीही १०० वेळा पंचेचाळिसाव्या स्थानी दिसू लागले, तर सरासरी ५ वरून २५ वर जाते. वस्तुतः त्याची व्याप्ती वाढलेली असते. शिवाय स्थळ व पूर्वीचे शोध यांनुसार फलसूची बदलत असल्याने सर्वांसाठी एकच क्रमांक असा उरलेला नाही.

मराठी संकेतस्थळे : मराठीत हा प्रश्न प्रथम लिपीचा होता. युनिकोडपूर्व खासगी टंकांत साठविलेला मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसे. पण शोधयंत्रास तो निरर्थक लॅटिन अक्षरांचा समूह वाटे. साहजिकच मराठी शब्दाने घेतलेल्या शोधात तो सापडत नसे. अशा स्थळांस युनिकोडचा स्वीकार हेच पहिले अनुकूलन ठरले.

मर्यादा : २०२४ पासून गूगलच्या फलसूचीच्या शिरोभागी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली उत्तरे दिसू लागली. वाचकाची जिज्ञासा तेथेच शमल्यास दर्शन होते, पण भेट होत नाही. त्यामुळे कोणतेही एक माप पुरेसे नसून, संकेतस्थळाचे प्रयोजन आधी निश्चित करणे व मागील वर्षाच्या त्याच कालखंडाशी तुलना करणे आवश्यक ठरते. आलेल्या वाचकास हवे ते मिळाले का, हा क्रॅनफील्ड येथील मूळ प्रश्नच अखेर निर्णायक राहतो.