खाण संपते, रस्ता उरतो

🧵 १/८
उघडी खाण म्हटले की डोळ्यांसमोर खड्डा येतो; त्या खड्ड्यातून वर येणारा रस्ता मात्र विस्मरणात जातो. खनिज संपल्यावर तो मोडून जमीन पूर्ववत कोणी करायची? गोव्याच्या लोहखनिजाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडताना दिसते.

२/८
पोर्तुगीज राजवटीत २० सप्टेंबर १९०६ च्या फर्मानानुसार गोव्यात मुदत नसलेल्या खाणसवलती मिळत. ज्या सवलतीला शेवटच नाही, तिच्यात खाण मिटवण्याचा विचार तरी कशाला असेल? १९८७ मध्ये संसदेने कायदा करून या सवलतींचे मुदतीच्या खाणपट्ट्यांत रूपांतर केले.

३/८
रस्ता इतका महत्त्वाचा का? अवजड डंपरांच्या चाकांखाली माती दगडासारखी घट्ट होते. पाणी मुरत नाही; पावसाळ्यात चाकोरीचाच ओहोळ होतो आणि तांबडी माती खालच्या शेतात व नदीत उतरते.

४/८
असा रस्ता नुसता बंद करून भागत नाही. डोझरच्या दातांनी पृष्ठभाग फोडावा लागतो, बाहेरचा भराव आत ओढून डोंगराचा उतार पुन्हा घडवावा लागतो, पाण्याला आडवे चर द्यावे लागतात. त्यावर सुपीक माती पसरली, तरच गवत धरते.

५/८
ती माती आधीच जपलेली असावी लागते. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनी वरची माती वेगळी काढून ठेवणे आणि खाण सोडण्यापूर्वी जमिनीचे पुनर्वसन पूर्ण करणे बंधनकारक केले.

६/८
२००३ मध्ये या कर्तव्याला पैशाची जोड मिळाली. खाण बंद करण्याचा आराखडा आणि आर्थिक हमी सक्तीची झाली: ‘अ’ वर्गातील खाणींसाठी हेक्टरी २५,००० रुपये, ‘ब’ वर्गासाठी १५,०००. वापरातील क्षेत्राच्या हिशेबात रस्त्यांखालची जमीनही आली.

७/८
हे नियम खाण क्रमाक्रमाने संपेल असे गृहीत धरत होते. गोव्यात २०१२ मध्ये आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम एकाएकी थांबले. ८ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने देशभरातील खाणपट्ट्यांसाठी नवी अट घालण्याचा आदेश केंद्राला दिला: खाणक्षेत्रच नव्हे, तर खाणकामामुळे विस्कटलेल्या अन्य जमिनीवरही पुन्हा गवत उगवले पाहिजे.

८/८
पोशीर आणि एकूणच कर्जत-खालापूर परिसराला हा इतिहास दूरचा वाटेल. परंतु येथील डोंगरांतला बांधकामाचा काळा दगड कायद्याने ‘गौण खनिज’ आहे. त्याचे नियम १९५७ च्या कायद्यान्वये राज्य सरकार करते. १९८८ व २००३ चे केंद्रीय नियम त्याला लागू नव्हते. म्हणून दगडखाण बंद पडली, तर तिच्या रस्त्याचे काय व्हायचे होते, हे राज्याच्या नियमांत आणि त्या खाणपट्ट्याच्या अटींतच शोधावे लागते.