गिलसाहेबाची दोन भिंगं

आजचा भाग इरुंगाट्टुकोट्टैतून. चेन्नई-बेंगळुरू महामार्गावरचं हे गाव, भोवती कारखाने आणि जवळच मोटारशर्यतींचा ट्रॅक. इथे बसून अजिंठ्यावर बोलतोय, पण त्याला कारण आहे. मेजर रॉबर्ट गिल मद्रासच्याच फौजेतून अजिंठ्याला गेला.

गिल आणि पारोची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम त्याच्याकडे आलं. कित्येक वर्षं राबून त्याने रंगवलेले ते कॅनव्हास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळे जळाले. वाचले ते त्याचे फोटो. आगीच्या दोनच वर्षं आधी, १८६४ मध्ये, त्यांचं एक पुस्तक निघालं होतं, जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह. त्यात शंभर स्टिरिओ चित्रं होती.

स्टिरिओ म्हणजे जोडचित्रं. एकच दृश्य किंचित सरकून दोनदा टिपायचं आणि डाव्या डोळ्याला डावं, उजव्याला उजवं दाखवायचं. मग खांबामागचा खांब खरोखर मागे जातो.

प्रश्न एवढाच की दोन भिंगांत अंतर किती ठेवायचं? माणसाच्या डोळ्यांत सरासरी ६३ ते ६५ मिलिमीटर असतं, तेवढंच ठेवावं असं वाटतं. पण कॅमेरा बनवणाऱ्याला आधी काच किंवा फिल्म विचारावी लागते. काचेवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पडतात, म्हणून चित्राची रुंदी भिंगांमधल्या अंतरापलीकडे जाऊ शकत नाही.

१९४७ चा अमेरिकन 'स्टिरिओ रिअलिस्ट' घ्या. त्यात ३५ मिलिमीटरची साधी फिल्म. कडेच्या दोन भोकांतलं अंतर ४.७५ मिलिमीटर आणि एका चौकटीला पाच भोकं, म्हणजे २३.७५. जोडीतल्या दोन चौकटींच्या मधे दुसऱ्या जोड्यांच्या दोन चौकटी बसतात, म्हणजे फिल्म वाया जात नाही. केंद्रापासून केंद्रापर्यंत तीन चौकटी, ७१.२५ मिलिमीटर. आणि भिंगांत? ७०. हा सव्वा मिलिमीटरचा फरक चूक नाही. त्यामुळे दोन्ही चौकटींची दृश्यं साधारण दोन मीटरवर एकमेकांवर येतात, आणि बघणाऱ्याला तिथे खिडकी असल्यासारखं वाटतं. मला तर हे मोठं देखणं गणित वाटतं.

अंतर वाढवलं की खोली वाढते, पण दृश्य खेळण्यासारखं दिसू लागतं. मी दोन मोबाइल वीतभर अंतरावर पट्टीला बांधून रस्त्यावरच्या बसचा फोटो काढला. बघतो तर बस जत्रेतली! म्हणून जाणकार सांगतात, सगळ्यात जवळची वस्तू भिंगांमधल्या अंतराच्या तीसपट तरी लांब असावी. ७० मिलिमीटरला दोन मीटर.

आता गिलकडे वळू. लेण्यांतल्या अंधारात त्या काळच्या काचा भित्तिचित्रं टिपू शकत नव्हत्या, म्हणून त्याने कॅमेरा वळवला तो मुख्यतः शिल्पांकडे आणि वास्तूकडे. रंग ब्रशने, खोली भिंगाने. त्यातला रंग जळाला. १८६० च्या आसपासचं अजिंठा आणि वेरूळ, पुढची डागडुजी होण्याआधीचं, खोलीसकट बघायचं तर आज त्याच जोडचित्रांकडे जावं लागतं.

गिलची कबर भुसावळला आहे. तिथून अजिंठ्याला जाणार असाल तर आवारात एक फोटो काढा, मोबाइल अडीच इंच उजवीकडे सरकवा आणि दुसरा काढा. समोरचा खांब मात्र सात फुटांपेक्षा जवळ नको.