अंगठ्यापासून प्रमाणपत्रापर्यंत

परदेशांत नोकरी करावयाची तर विश्वविद्यालयाची पदवी हवीच, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित घरांतून फार दृढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून जे शेंकडों मराठी मजूर समुद्रापार कामास गेले, त्यांच्यापाशीं पदवी तर नव्हतीच. पण बहुतेकांस अक्षरओळखही नव्हती.

१८३३ सालीं ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. मॉरिशस बेटांतील ऊसमळ्यांस मजुरांची वाण पडली आणि १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तिकडे जाऊं लागले. मराठी मुलुखांतून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूनें, कित्येक कुटुंबें गेलीं. ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचें लोकांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें. १८३७ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, मजुरानें व त्यास नेणाऱ्या एजंटानें सरकारी अधिकाऱ्यापुढें समक्ष उभें राहावें व कराराच्या अटी लेखी दाखवाव्या. मुदत पांच वर्षांची. तरीही फसवणुकीचा एवढा बोभाटा झाला कीं, ही भरती कांहीं काळ बंद ठेवावी लागली. १८४२ सालीं ती पुन्हा सुरू झाली, आणि पुढें मजुरांच्या रक्षणार्थ बंदरावर ‘प्रोटेक्टर’ नांवाचा स्वतंत्र अधिकारी नेमण्यांत आला.

अटी कागदावर होत्या, रक्षकही होता. मग उणीव कोठें राहिली? कागदावर अंगठा उठविणाऱ्यास तो कागद वाचतां येत नव्हता. दलाल जें सांगे, तेंच त्याच्या लेखीं करारपत्र. ही पद्धति अखेर १९१७ सालीं थांबविण्यांत आली.

तो रक्षक मात्र टिकला. स्वतंत्र भारताच्या १९८३ च्या परदेशगमन कायद्यांत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हेंच पद आढळतें. आखातांतील व इतर कांहीं ठराविक देशांत कामास जाणारा मनुष्य दहावी उत्तीर्ण नसेल, तर त्यास या अधिकाऱ्याची संमति घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्यास ती लागत नाहीं. म्हणजे कायद्यानें रेषा ओढली ती पदवीपाशीं नव्हे, तर शालान्त परीक्षेपाशीं. जो वाचूं शकतो, तो स्वतःचें रक्षण करूं शकतो, असें त्यामागचें गृहीत दिसतें.

आतां दुसरेंही एक दार उघडलें आहे. जपाननें २०१९ सालीं कुशल कामगारांसाठीं नवा परवाना काढला. त्यास पदवी नको, कामाची व जपानी भाषेची परीक्षा हवी. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्याच वर्षीं १ मार्चपासून जर्मन कायद्यानें पुष्कळशा व्यवसायांत अशी सवलत दिली कीं, किमान दोन वर्षांचें सरकारमान्य व्यवसायशिक्षण आणि तितकाच अनुभव असलेल्यास, ठराविक वेतनाची नोकरी हातीं असल्यास, पदवीवांचून व्हिसा मिळूं शकेल.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीनें या गोष्टीचें महत्त्व मोठें आहे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस परगांवीं जातात. आधीं कर्ज, मग प्रवास, आणि मग तें कर्ज फिटेपर्यंत काम, हा क्रम त्यांच्या अंगवळणीं पडलेला आहे. कळमनुरीच्या किंवा वसमतच्या एखाद्या तरुणानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचें वा विजेचें काम शिकून घेतलें आणि परदेशाची वाट मात्र दलालाच्या कर्जावर धरली, तर त्याची उचल तेवढी रुपयांऐवजीं लाखांत मोजली जाईल. वास्तविक १९८३ च्या कायद्याखालील नियमांनीं नोंदणीकृत भरती एजंटाच्या शुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा घातलेली आहे.

पदवी नसणें हें मजुराचें दुबळेपण कधींच नव्हतें. करार न वाचतां सही करणें आणि निघण्यापूर्वींच ऋणांत बुडणें, हें खरें दुबळेपण होय. मॉरिशसला गेलेल्यांस तें टाळतां येण्याजोगें नव्हतें. आजच्या तरुणास तें टाळतां येतें. एजंटाची नोंदणी तपासावी, करारांतील वेतन, मुदत व परतीचें भाडें हीं कलमें समजेल त्या भाषेंत वाचावीं, आणि मगच पारपत्र दुसऱ्याच्या हातीं द्यावें.