पाठीखालची ऊब

झोळीत झोपणाऱ्याला थंडी पाठीकडून गाठते. अंगावर दोन रजया घ्या, कानटोपी घाला, स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढा. पहाटे कंबर गारठतेच. रजई ऊब देते ती तिच्या पिसांत किंवा कापसात अडकून राहिलेल्या हवेमुळे. पाठीखाली आलेला तिचा भाग अंगाच्या भाराने चेपतो, हवा निघून जाते आणि उरतात कापडाचे दोन पदर. जमिनीवर झोपलं तर खालची माती थोड्या वेळाने जरा तरी कोमट होते. झोळीखालून वारा वाहत असतो, तो कोमट व्हायला थांबत नाही.

यावरचा आजचा उपाय म्हणजे अंडरक्विल्ट, झोळीच्या बाहेरून, तिच्या पोटाखाली टांगलेली रजई. वस्तू अगदी साधी आहे. पण तिची कुळकथा बघायला लागलं की लेखी पुराव्यांतच साडेचारशे वर्षं मागे जावं लागतं आणि तिथे रजईच्या जागी विस्तव सापडतो.

1492 साली कोलंबसाच्या माणसांनी बहामा बेटांवर कापसाच्या जाळीचे टांगते बिछाने पाहिले. मात्र त्यांत झोपणारे लोक रात्र कशी काढत, हे नीट सांगितलं ते हान्स श्टाडेन या जर्मन माणसाने. ब्राझीलच्या किनाऱ्यावर तुपिनांबा लोकांनी त्याला महिनोन् महिने कैदेत ठेवलं होतं. सुटून परतल्यावर 1557 साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात तो सांगतो, एकेका लांबलचक घरात अनेक कुटुंबं राहत, प्रत्येकाची झोळी वेगळी आणि शेजारचा विस्तवही वेगळा. विस्तव रात्रभर जागता ठेवत. फ्रेंच प्रवासी ज्याँ द लेरी याच्या 1578 सालच्या पुस्तकातही झोळ्यांजवळचा हा विस्तव आहे. उष्ण प्रदेशात आग कशाला, असं वाटेल. पण उघड्या अंगाने, जाळीवर, वाऱ्यात झोपलेल्या माणसाला तिथली पहाटही पुरेशी गार असते. धुराने डासही दूर राहत. शिवाय अंधारातल्या दुष्ट शक्तीची भीती होती. आगीवाचून रात्री बाहेर पडायला हे लोक कचरत. उपाय एक आणि कारणं तीन, म्हणूनच तो इतका पक्का रुजला असावा.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवत, त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकत. तिथे हेतू शेक आणि धुरीचा होता. पण विणलेल्या बाजेतून ऊब खालून वर पोचते, हे आपल्या आज्यांनाही नेमकं माहीत होतं.

झोळी जहाजावर चढली तेव्हा विस्तव मागे राहिला. इंग्लंडच्या नौदलाने 1597 साली ती अधिकृतपणे स्वीकारली. लाकडी जहाजावर झोपलेल्या माणसाखाली आग ठेवणं शक्यच नव्हतं. मग किंतानाच्या झोळीत पातळ गादी आली, वर घोंगडी. एका खलाशाच्या वाट्याला जेमतेम चौदा इंच रुंदी, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगाचीही ऊब मिळायची. गादी चेपायचीच, पण बंद डेकवर वारा कमी असल्याने भागून जाई.

खरी परीक्षा आर्क्टिकमध्ये झाली. ब्रिटिश नौदलातला अधिकारी विल्यम एडवर्ड पॅरी याची जहाजं 1819-20 चा हिवाळा मेलव्हिल बेटाजवळ बर्फात अडकून होती. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार लाकडावर धरायची, गोठायची, आणि खलाशांचे पक्के बांधलेले बिछाने ओले व्हायचे. 1821 च्या पुढच्या मोहिमेत पॅरीने ते बिछाने काढून झोळ्या लावल्या. झोळीच्या सगळ्या बाजूंनी गरम हवा फिरू शकते, आणि सकाळी ती उतरवून वाळवता येते. सोबत जहाज तापवण्याची नवी यंत्रणाही होती. मला या सगळ्या इतिहासात पॅरीचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो. झोळीखालून हवा फिरते हा तिचा दोष, पण ती हवाच तापवली तर तो गुण होतो, हे त्याने बरोबर ओळखलं.

उघड्या रानात हवा कोण तापवणार? अमेरिकेतल्या अपालाचियन वाटेवर झोळी घेऊन चालणारे आधी कॅरीमॅट आत घालत. ती सरकते, खांद्याशी अपुरी पडते आणि तिच्यावर घाम साचतो. एड स्पीअर यांनी झोळीतल्या मुक्कामावर 2003 साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या ‘पीपॉड’मध्ये अख्खी झोळीच रजईच्या पोटात जाई. त्याच सुमारास ‘जॅक्स आर बेटर’ या कंपनीने ‘नेस्ट’ आणली. पिसांची ही रजई झोळीखाली टांगता येई, आणि मधल्या फटीतून डोकं घालून अंगावरही घेता येई. अंगाचा भार झोळीचं कापड घेतं, रजईवर तो येतच नाही, त्यामुळे पिसं फुललेली राहतात.

टांगण्यात मात्र हात बसावा लागतो. दोन्ही टोकांना लवचीक दोरी असते. ती फार ताणली तर रजई चेपते, ढिली सोडली तर मध्ये पोकळी राहते आणि गार हवा आत शिरते. झोळीत तिरकं आडवं व्हावं आणि दुसऱ्या कोणाला कापड आणि रजई यांच्यामध्ये हात घालून बघायला सांगावं. रजई पाठीला सगळीकडे टेकलेली हवी, पण हात अडकता कामा नये. गळती बहुधा टोकांशी असते. तिथल्या नाड्या आवळून घ्याव्यात.

सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीत झाडांना झोळी बांधणाऱ्यांनी यासाठी महाग वस्तू घ्यायलाच हवी असं नाही. घरची रजई कोपऱ्यांना नाड्या शिवून खाली बांधता येते. गोधडी वारा अडवते, पण तिचे पदर टाक्यांनी घट्ट दाबलेले असल्याने हवा कमी धरते आणि ती जडही असते. कापसाची दुलई अधिक उबदार, मात्र दव पडत असेल तर ती ओल धरते. तिथे पॉलिएस्टर भरलेली बरी.