टॉवरचा शिलेखाना

लंडनच्या टॉवरमधला इंग्लंडच्या राजांचा शिलेखाना मुळात लढाईसाठी होता. धनुष्ये, बाण, भाले, कड्यांची चिलखते इथून फौजेकडे रवाना होत. चौदाव्या शतकात कड्यांच्या चिलखतावर पोलादी पत्रे चढू लागले, पंधराव्यात अख्खा माणूस पत्र्यांनी मढला. आठव्या हेन्रीला अशी चिलखते शेजारच्या राजांच्या तोडीची हवी होती. त्याने परदेशी कारागीर आणून ग्रीनिचला कारखाना थाटला.

तिथले १५२० चे एक चिलखत जवळून पाहावे. फ्रान्सच्या राजाबरोबर ठरलेल्या शाही मेळाव्यातल्या पायदळी द्वंद्वासाठी ते घडत होते. २३५ तुकडे एकमेकांत असे बसवलेत, की काखेत, गुडघ्यामागे, अगदी बुडाशीसुद्धा पाते शिरायला फट नाही. फ्रेंचांनी ऐनवेळी नियम बदलले आणि काम अर्धवट राहिले. त्याला झिलई चढलीच नाही. पत्र्यावरचे हातोड्याचे ठोके आजही दिसतात.

बंदुकांपुढे चिलखते मागे पडली, तसा शिलेखान्याचा तमाशा झाला. सतराव्या शतकात लाकडी घोड्यांवर चिलखतधारी राजांची रांग उभी राहिली. ११व्या शतकातल्या विजेत्या विल्यमच्या अंगावर कित्येक शतकांनंतरचे चिलखत! सम्राट मॅक्सिमिलियनने हेन्रीला भेट दिलेले शिंगांचे शिरस्त्राण तर दरबारी विदूषकाचे म्हणून खपवले गेले. लोक पैसे मोजून बघत, हरकत कुणाचीच नव्हती.

ती घेतली सॅम्युअल रश मेरिक या अभ्यासकाने. १८२० च्या दशकात त्याने रांग काळानुसार नव्याने लावली. माझ्या मते संस्थेचा खरा जन्म हाच. १८४१ च्या आगीत टॉवरमधले मोठे कोठार जळाले, तरी संग्रह तगला. १९८३ च्या कायद्याने हा शिलेखाना, म्हणजेच रॉयल आर्मरीज, राष्ट्रीय संग्रहालय ठरला आणि १९९६ मध्ये लीड्सला नवी इमारत उघडली.

आपल्याला तिथे खिळवून ठेवतो तो हत्ती. रॉबर्ट क्लाइव्हची सून मद्रासच्या गव्हर्नरची पत्नी म्हणून हिंदुस्थानात होती. तिने हे हत्तीचे चिलखत मायदेशी नेले. कड्यांत गुंफलेले ५,८४० पत्रे, वजन ११८ किलो, आणि तेही काही भाग हरवल्यावर. लंडनला जाणारे टॉवर पाहूनच परततात. त्यांनी एक दिवस लीड्ससाठी राखावा. तिथे प्रवेशाला तिकीट नाही.