सामायिक कोठारातील सारस

साहित्याच्या अभ्यासकांना पाठाची शहानिशा करण्याची सवय असते. हा शब्द कोणत्या पोथीत आला, तो कोणी लिहून ठेवला, पुढे कोणी उद्धृत केला, हे आपण विचारतो. विज्ञानातील विदा सामायिक कोठारात जमा होऊ लागल्यावर हेच प्रश्न तिलाही विचारावे लागतात. गोंदिया जिल्ह्यातील पक्षिनोंदींचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. त्याची जुनी शासकीय नोंद आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या भंडारा गॅझेटियरमध्ये आहे. ती राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी केलेली नोंद होती. ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांच्यासाठी नव्हे.

पुढे वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आलेल्या मारुती चितमपल्ली यांनी (१९३२–२०२५) वेगळी रीत स्वीकारली. त्यांच्या लेखनात माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणता माणूस नावानिशी येतो. पक्ष्याविषयीचे ज्ञान आणि ते देणारा माणूस यांची तेथे फारकत होत नाही.

या शतकाच्या आरंभी तिसरा टप्पा आला. २००१ मध्ये जागतिक जैवविविधता माहिती सुविधा (जीबीआयएफ) आणि २००२ मध्ये ई-बर्ड सुरू झाले. एका गावच्या तळ्यावरची यादी जगभरच्या अभ्यासकांना खुली झाली. परिणाम मोठा होता. भारतातील पक्षिस्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांनी दिलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेता आला. सारसाची संख्या झपाट्याने घटत असल्याचेही त्याच अहवालाने दाखवले. एका वहीत पडून राहिलेल्या नोंदीला असे सामर्थ्य आले नसते.

मात्र हा परिणाम मोजायचा कसा? जीबीआयएफवरून विदा उतरवून घेतली की त्या संचाला कायमस्वरूपी ओळखक्रमांक मिळतो; शोधनिबंधात तो दिला की उद्धरणांचा माग काढता येतो. ही व्यवस्था उपयुक्त आहे, पण तिची नजर शोधनिबंधापाशी थांबते. गोंदियात सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. ते प्रथम शेतकऱ्याच्या दृष्टीस पडते, आणि ते राखायचे की नाही हेही बहुधा तोच ठरवतो. दर उन्हाळ्यात होणाऱ्या सारसगणनेत वनविभागाबरोबर स्थानिक निसर्गप्रेमी आणि शेतकरी राबतात. या आकड्यांचे मोल न्यायालयातही दिसले: २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. हा परिणाम कोणत्याही उद्धरणसूचीत सापडत नाही.

कोठारे बंद करावीत, असे आम्ही म्हणत नाही. धान कोठारात साठवले तरच सर्वांच्या कामी येते. पण कोणत्या बांधीतून कोणाच्या हाताने ते आले, ही खूण पोत्याबरोबर राहिली पाहिजे. विदेच्या परिणामाचा अभ्यास उद्धरणांच्या बेरजेवर थांबला, तर गॅझेटियरचा जुना एकतर्फीपणाच नव्या यंत्रावर चालू राहील. माधवरावांचे नाव ललित लेखनाने जपले. विज्ञानाच्या कोठारानेही आपल्या माधवरावांसाठी एक रकाना ठेवावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.