तळटीप १४ : ‘गॅमा १.४ धरला होता’
१४. गॅमा : वायूच्या स्थिर दाबाखालच्या विशिष्ट उष्णतेला स्थिर घनफळातल्या विशिष्ट उष्णतेने भागून येणारा आकडा. नेहमीच्या तापमानाला हवेसाठी तो १.४, हेलियमसाठी १.६७. ध्वनीचा वेग त्यावर ठरतो, तशीच ध्वनीहून वेगवान वस्तूपुढे उठणाऱ्या आघात तरंगामागची घनताही. गॅमा १.४ च राहिला, तर तरंग कितीही तीव्र असला तरी हवा सहापटीपलीकडे दाटत नाही. पण पृथ्वीवर परतणाऱ्या यानापुढची हवा हजारो अंश तापते. रेणू कंप पावू लागतात, पुढे ऑक्सिजनचे रेणू फुटतात. उष्णता त्यातच मुरते आणि गॅमा बराच खाली येतो.

लेखकाचा रोख कोलंबिया या स्पेस शटलच्या पहिल्या उड्डाणाकडे आहे (१२ ते १४ एप्रिल १९८१, अंतराळवीर यंग व क्रिपेन). परतीच्या वाटेवर गॅमा घसरल्याने यानाखालच्या दाबाची वाटणी बदलली, त्याचे नाक अपेक्षेपेक्षा जास्त वर उचलले जाऊ लागले आणि इंजिनांखालची मागची झडप अंदाजाच्या दुपटीहून अधिक खाली वळवून तोल सांभाळावा लागला. वातविवरातल्या चाचण्यांत हवा तेवढी तापतच नाही, त्यामुळे घसरलेल्या गॅमाचा हा परिणाम आधी कळला नव्हता. अर्थात सगळे खापर गॅमावर फोडता येत नाही. माक अंकाचाही (यानाचा वेग ध्वनीच्या किती पट, ते सांगणारा आकडा) त्यात वाटा होता, तो लेखकाने गाळला आहे.